शमुवेल नावाचा अर्थ नक्की काय? सेफारिया वापरून बघितल्यावरचा रिव्ह्यू

बायबलमधल्या नावांचे अर्थ शोधायची ज्यांना आवड आहे, किंवा घरात बाळ येणारे आणि नाव शास्त्रातलंच ठेवायचं ठरलंय, त्यांनी बाळाच्या नावांच्या त्या नेहमीच्या साइट्स बाजूला ठेवाव्यात आणि एकदा सेफारिया उघडावी, असं मी अगदी मनापासून सांगेन. वेबसाइट आहे, ॲपही आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर चालतं, पूर्ण फुकट, जाहिराती नाहीत आणि नुसतं वाचायचं असेल तर अकाउंटसुद्धा काढावं लागत नाही. जोशुआ फोअर आणि ब्रेट लॉक्सपायझर या दोघांनी २०११ मध्ये सुरू केलेली ही ना-नफा संस्था आहे आणि काम काय तर ज्यू धर्मग्रंथांची अख्खी लायब्ररी ऑनलाइन आणायची. तनाख (आपण ज्याला जुना करार म्हणतो तो), तल्मूद (रब्बींच्या म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या चर्चांचा आणि नियमांचा मोठा ग्रंथ), मिद्राश (शास्त्रावरच्या त्यांच्या जुन्या गोष्टी आणि विवरणं), मध्ययुगातल्या रब्बींची भाष्यं, डिक्शनऱ्या, सगळं आहे आणि सगळं एकमेकांना जोडलेलं आहे. ते जोडलेलं असणं हेच खरं महत्त्वाचं, त्याबद्दल सविस्तर लिहिते.

मी संडे स्कूलला शिकवते त्यामुळे नावांचे अर्थ मुलं सारखे विचारतातच, पण यावेळी निमित्त घरातलं होतं. भावाच्या मुलाचं नाव शमुवेल (जुन्या करारातला संदेष्टा, इंग्रजीत सॅम्युअल) ठेवायचं ठरलं आणि वहिनीने बाप्तिस्म्यासाठी नावाची फ्रेम ऑनलाइन मागवली, त्यावर छान सोनेरी अक्षरात छापून आलं, 'शमुवेल, देवाने ऐकले'. आता आमच्या पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलेलं 'देवाकडे मागितलेला', आणि एका नावांच्या साइटवर दिसलं 'देवाचे नाव'. एकाच नावाचे तीन अर्थ, आणि तिन्ही ठिकाणी असं ठामपणे लिहिलेलं की जणू दुसरा अर्थ असूच शकत नाही, आणि कुठून आला हा अर्थ, कोणत्या वचनातून, कोणत्या धातूवरून, त्याचा पत्ताच नाही. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं. माणसं मुलाला आयुष्यभरासाठी नाव देतात, त्याचा अर्थ मुलाला सांगत बसतात, आणि जिथून तो अर्थ घेतात तिथे एका ओळीच्या पुढे कोणी काही लिहायला तयार नाही.

तर सेफारियावर काय करायचं ते सांगते. सर्च करून पहिले शमुवेल उघडा, पहिला अध्याय, विसावं वचन. हिब्रू आणि इंग्रजी शेजारी शेजारी दिसतं. वचनावर क्लिक केलं की बाजूला एक पॅनेल उघडतं आणि त्या एका वचनाशी जोडलेलं सगळं साहित्य तिथे येतं, भाष्य वेगळं, तल्मूद वेगळा, मिद्राश वेगळा, तार्गुम (शास्त्राचं जुनं अरामी भाषांतर) वेगळं. हिब्रू शब्दावर क्लिक केलं तर डिक्शनरीतली नोंद येते. हिब्रू वाचता येत नसेल तरी घाबरू नका, इंग्रजी वाचता येत असलं की पुष्कळ पुढे जाता येतं, आणि अक्षरओळख करून घेतलीत (बावीसच अक्षरं आहेत) तर मग मजा वेगळीच.

विसाव्या वचनात हन्ना मुलाचं नाव शमुवेल ठेवते आणि कारणही सांगते, 'मे-अदोनाय शेइल्तिव', म्हणजे मी त्याला परमेश्वराकडून मागून घेतलंय. गोष्ट आपल्याला पाठच असते. एफ्राईमच्या डोंगराळ भागातला एलकाना, त्याच्या दोन बायका, पनिन्नाला मुलं आणि हन्नाला नाही, दरवर्षी शिलोला यज्ञाला जायचं आणि दरवर्षी सवतीचं बोलणं ऐकायचं. एके वर्षी ती उठते, परमेश्वराच्या मंदिरापाशी जाते, रडते आणि नवस करते, मुलगा दिलास तर त्याला आयुष्यभर तुलाच देईन, त्याच्या डोक्याला वस्तरा लागणार नाही. एली याजक दाराच्या खांबापाशी आसनावर बसलेला, त्याला वाटतं बाई प्यायलेली आहे, कारण ओठ हलतायत आणि आवाज नाही. नवसाचं पोर म्हटलं की आपल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही, मराठी बायबलनेही नवस हाच शब्द वापरलाय.

आता हिब्रूत बघा काय होतं. मागणं, विचारणं याचा धातू आहे शीन-आलेफ-लामेद, शाअल. सतराव्या वचनात एली तिला म्हणतो, इस्राएलचा देव तुझं मागणं पूर्ण करो जे तू त्याच्याकडे मागितलंस, तिथे हा धातू दोनदा. विसाव्या वचनात एकदा. सत्ताविसाव्यात ती एलीला म्हणते या मुलासाठी मी प्रार्थना केली आणि मी मागितलेलं मागणं परमेश्वराने मला दिलं, पुन्हा दोनदा. अठ्ठाविसाव्यात दोनदा. एका अध्यायात सात वेळा, आणि पुढे दुसऱ्या अध्यायाच्या विसाव्या वचनात एली एलकानाला आशीर्वाद देतो तिथे आणखी दोनदा. भाषांतरात हे निम्मं दिसतच नाही कारण भाषांतरकार कुठे मागणं लिहितो, कुठे विनंती, कुठे समर्पण. सेफारियावर शब्दाशब्दावर क्लिक करत गेलं की प्रत्येक वेळी तोच धातू समोर येतो आणि मग लक्षात येतं की लिहिणाऱ्याने हे मुद्दाम केलंय, कानावर तोच आवाज पडत राहावा म्हणून.

सतराव्या वचनात एक बारीक गोष्ट आहे ती जरूर बघा. एली जो 'तुझं मागणं' शब्द म्हणतो तो 'शेलातेख' असा लिहिलाय, त्यातलं मधलं आलेफ अक्षर गळलेलं आहे. सत्ताविसाव्या वचनात हन्ना तोच शब्द म्हणते तेव्हा 'शेएलाती', आलेफ जागेवर आहे. शतकानुशतकं नक्कल करणाऱ्यांनी ते गळलेलं अक्षर तसंच जपलंय.

आणि अठ्ठाविसावं वचन तर पुन्हा पुन्हा वाचावं असं आहे. हन्ना म्हणते 'हिशइल्तिहू ल-अदोनाय', मी त्याला परमेश्वराला देऊन टाकते. हा शब्दही त्याच मागण्याच्या धातूचा, पण प्रयोजक रूप, म्हणजे कोणी मागितलं म्हणून देणं, वापरायला देणं. इजिप्तमधून निघताना मिसरी लोकांनी इस्राएल लोकांना जे मागितलं ते दिलं, त्या निर्गमच्या बाराव्या अध्यायातही हेच रूप आहे. म्हणजे जो धातू मागायला वापरला तोच द्यायला वापरला. आईने मागितलं आणि आईनेच दिलं, एकाच शब्दात. नावाच्या फ्रेमवर हे कसं मावणार सांगा.

बरं मग 'शमुवेल' शब्दात हा धातू आहे का? इथे खरी अडचण आहे आणि सेफारिया ती लपवत नाही म्हणून मला आवडते. नाव लिहिलं जातं शीन, मेम, वाव, आलेफ, लामेद. नावावर क्लिक केलं की ब्राउन, ड्रायव्हर आणि ब्रिग्ज यांची १९०६ ची हिब्रू डिक्शनरी उघडते आणि तिथे अर्थ दिलाय 'एलचं नाव', एल म्हणजे देव. शेम म्हणजे नाव, एल म्हणजे देव, मधला 'उ' हा जुन्या विभक्तीचा शेष. हे हवेत सोडलेलं नाही, याच घडणीचं दुसरं नाव उत्पत्तीत आहे, याकोब जिथे रात्रभर झुंजतो ती जागा, एका वचनात पनिएल आणि लगेच पुढच्या वचनात पनुएल, देवाचं मुख. पनु-एल तसं शमु-एल. आणि हन्नाच्या कितीतरी शतकं आधी मेसोपोटेमियात लार्सा शहरात सुमू-एल नावाचा राजा होऊन गेला, इ.स.पू. एकोणिसाव्या शतकात, तिथल्या अमोरी नावाच्या जुन्या लोकांत सुमू लावलेली नावं बरीच होती. म्हणजे नाव म्हणून ही घडण जुनी आणि ओळखीची. शास्त्रातसुद्धा हा एकटा शमुवेल नाही, गणनाच्या चौतिसाव्या अध्यायात शिमोनाच्या वंशातला एक शमुवेल आहे, अम्मीहूदाचा मुलगा.

'देवाने ऐकले' कुठून आलं मग? ऐकण्याचा धातू शीन-मेम-आयिन, शामा. आवाज सारखा येतो खरा, शमु आणि शमा, आणि काही जुन्या अभ्यासकांनी तसा अर्थ लावलाही होता, पण नावात आयिन अक्षर नाहीच. जिथे खरंच ऐकण्यावरून नाव आहे तिथे आयिन ठणठणीत आहे, इश्माएल. हागार रानात पळून जाते, झऱ्यापाशी दूत भेटतो आणि म्हणतो मुलाचं नाव इश्माएल ठेव कारण परमेश्वराने तुझं दुःख ऐकलंय. तिथे नाव, धातू आणि कारण तिन्ही जुळतं. शमुवेलच्या पहिल्या अध्यायात तर देवाने ऐकलं असं म्हटलेलंच नाही. परमेश्वराने तिची आठवण केली असं आहे, एकोणिसावं वचन. ऐकण्याचा धातू येतो तो तेराव्या वचनात आणि तोही नकारात, तिचा आवाज ऐकू येत नव्हता. पुढे तिसऱ्या अध्यायात रात्री देव हाक मारतो तेव्हा 'बोल, तुझा सेवक ऐकतोय' असं शमुवेल म्हणतो, तिथे ऐकणारा तो आहे. म्हणून ज्यांना 'ऐकले' हा अर्थ प्रिय आहे त्यांनी इश्माएलची गोष्ट वाचावी, ती काही कमी सुंदर नाही.

आता भाष्यं. राशी, अकराव्या शतकातला फ्रान्समधला रब्बी, सगळ्यात आधी याचंच भाष्य उघडायचं कारण तो दोन शब्दांत काम उरकतो. तो म्हणतो नावात एल आहे देवावरून, आणि जे घडलं त्यावरूनही ते नाव आहे, कारण तिने मागितलं. म्हणजे त्याने दोन्ही धरून ठेवलं. रदाक, म्हणजे डेव्हिड किम्ही, बाराव्या-तेराव्या शतकातला नार्बोनचा व्याकरणकार, तो जास्त खोलात जातो. तो म्हणतो शमुवेल म्हणजे 'शाउल मे-एल' हे दोन शब्द एकत्र झालेत, देवाकडून मागितलेला. हे वाचल्यावर मी कागदावर अक्षरं लिहून बघितली आणि तुम्हीही लिहून बघा. शाउल म्हणजे शीन, आलेफ, वाव, लामेद. ही चारही अक्षरं शमुवेलमध्ये आहेत, जास्तीचं एकच, मेम, आणि हिब्रूत 'कडून' दाखवायला शब्दाला पुढे मेमच लागतं. व्याकरणाच्या नियमाने नाव असं बनत नाही हे मान्य, पण कानाने आणि डोळ्याने हन्नाचं बोलणं त्या नावात पुरेपूर बसतं. पहिल्या शतकाच्या शेवटी जोसेफस या ज्यू इतिहासकारानेही ग्रीक वाचकांना हेच सांगितलं होतं की शमुवेल म्हणजे देवाकडे मागितलेला, म्हणजे पाळकसाहेबांचा अर्थ निदान एकोणीसशे वर्षांचा तरी आहे.

याच ठिकाणी सेफारियाची ती जोडणी कामाला येते. शास्त्रातलं नाव आणि त्याचं दिलेलं कारण अक्षराला अक्षर जुळत नाही असं आणखी कुठे होतं हे शोधत मी नोहापर्यंत गेले. उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायात लामेख म्हणतो हा आम्हाला सांत्वन देईल म्हणून नाव नोहा, पण सांत्वनाचा धातू वेगळा, नून-खेत-मेम, आणि नोहा नावात मेम नाही. बाजूच्या पॅनेलमधून बेरेशीत रब्बा उघडलं, साधारण पाचव्या शतकातला मिद्राश, तर तिथे रब्बी योहानान स्पष्ट म्हणतो, अर्थ सांगितलाय तो नावाचा नाही आणि नाव आहे ते त्या अर्थाचं नाही. म्हणजे ही अडचण काही आजच्या प्रोफेसरांनी काढलेली नाही, दीड हजार वर्षांपूर्वी श्रद्धेने शास्त्र वाचणाऱ्या माणसांनी ती बघितली, तोंडाने बोलून दाखवली आणि तरी नाव आणि अर्थ दोन्ही जपले. मला हे वाचून फार बळ आलं. आमच्याकडे काही जणांना वाटतं की असे प्रश्न विचारले की श्रद्धा पातळ होते. इथे तर रब्बीच प्रश्न विचारतायत.

आणखी एक मोठा वाद आहे, तोही सांगायला हवा. अठ्ठाविसाव्या वचनाच्या शेवटी हन्ना म्हणते 'हू शाउल ल-अदोनाय', तो परमेश्वरासाठी मागितलेला आहे. हा 'शाउल' शब्द आणि इस्राएलच्या पहिल्या राजाचं नाव, आपण ज्याला शौल म्हणतो, अक्षरं आणि स्वरांसकट एकच. त्यामुळे विसाव्या शतकातल्या काही अभ्यासकांनी म्हटलं की ही जन्माची गोष्ट मुळात शौलाची असणार, नंतर शमुवेलाला लावली गेली. वाचायला पटतं, कारण मागितलेला हे नाव शौलालाच नेमकं बसतं. पण मला तरी हे पटत नाही. शौल बन्यामीन वंशातला, गिबाचा, कीशाचा मुलगा, आणि इथे शिलो आहे, एली आहे, न कापलेले केस आहेत, मंदिरात वाढणारं पोर आहे, यातलं काहीही शौलाच्या आयुष्यात बसत नाही. उलट पूर्ण पुस्तक सरळ वाचत गेलं की दिसतं लिहिणाऱ्याने हा शब्द पहिल्या पानावर पेरून ठेवलाय. आठव्या अध्यायात लोक शमुवेलकडे राजा मागतात, तिथे त्यांना म्हटलंय 'हा-शोआलीम', मागणारे. बाराव्या अध्यायात शमुवेल म्हातारपणी त्यांना म्हणतो हा बघा तुम्ही निवडलेला, तुम्ही मागितलेला राजा, पुन्हा तोच धातू आणि राजाचं नावच मागितलेला. आणि अठ्ठाविसावा अध्याय, जिथे सगळं संपत आलंय, पलिष्टी समोर उभे आहेत, तिथे लिहिलंय 'वय्यिशअल शाउल', शौलाने परमेश्वराला विचारलं आणि परमेश्वराने त्याला उत्तर दिलं नाही. मग तो वेष बदलून एन-दोरच्या बाईकडे जातो, मेलेल्या शमुवेलला वर बोलवतो, आणि शमुवेल त्याला म्हणतो 'लामा तिशआलेनी', मला का विचारतोस? एक मागितलेला दुसऱ्या मागितलेल्याला हे म्हणतो. एका बाईने मागितलं ते तिने देऊन टाकलं, लोकांनी मागितलं ते त्यांनी धरून ठेवलं, आणि दोन्हींचा शेवट पुस्तकात समोरासमोर आणून ठेवलाय. हे मला कोणत्याही नावाच्या साइटवर कधीच सापडलं नसतं. शब्दावर क्लिक, धातू, मग तो धातू पुस्तकात आणखी कुठे आलाय, असं करत करतच हे हाताला लागतं.

मुलांना सांगायला एक गोष्ट हवी असेल तर पहिल्या अध्यायाच्या तेविसाव्या वचनावरचं राशीचं भाष्य उघडा, मिद्राशातून घेतलंय त्याने. हन्नाच्या काळात आकाशवाणी होत असे की शमुवेल नावाचा एक नीतिमान माणूस जन्माला येणारे, म्हणून ज्या ज्या बाईला मुलगा झाला तिने त्याचं नाव शमुवेल ठेवलं, आणि मग त्या मुलांची कामं बघितली की लोक म्हणायचे, हा तो शमुवेल नाही. हन्नाचा मुलगा झाला आणि त्याची कामं बघितली तेव्हा म्हणाले हा तो दिसतोय. माझ्या वर्गातल्या मुलांना ही गोष्ट इतकी आवडली की वर्गातला शमुवेल नावाचा मुलगा पुढचा आठवडाभर सरळ वागत होता असं त्याच्या आईने सांगितलं. आणि मोठ्यांसाठी तल्मूदातलं बराखोत, एकतिसावं पान. हन्नाच्या त्या मूक प्रार्थनेवरून प्रार्थना कशी करावी याचे नियम तिथे काढलेत, मन लावून करावी, ओठ हलवावेत, आवाज चढवू नये. ज्या बाईला याजकाने दारुडी ठरवलं तिच्याकडून प्रार्थना शिकतात. ज्यू नववर्षाच्या पहिल्या दिवशी, रोश हाशानाला, सभास्थानात हन्नाचा हाच अध्याय वाचतात हेही मला इथेच कळलं.

आता मर्यादा पण सांगते, म्हणजे उघडल्यावर निराशा नको. साइटचा इंटरफेस इंग्रजी आणि हिब्रू, मराठी नाही. मध्ययुगातली बरीच भाष्यं अजून फक्त हिब्रूतच आहेत, इंग्रजी भाषांतर सगळ्यांचं नाही, त्यामुळे कुठे कुठे कोणा जाणकाराला विचारावं लागतं किंवा डिक्शनरी घेऊन शब्द लावत बसावं लागतं. ही ज्यू लायब्ररी आहे त्यामुळे नवा करार किंवा ख्रिस्ती मंडळीच्या पुढाऱ्यांची भाष्यं इथे शोधू नका, ती दुसरीकडे मिळतात. लूकमधलं मरियेचं स्तोत्र आणि हन्नाचं स्तोत्र शेजारी ठेवून वाचायचं असेल तर दुसरी खिडकी उघडावी लागेल. मृत समुद्राजवळ सापडलेल्या प्राचीन हस्तलिखितांच्या गुंडाळ्याही इथल्या नाहीत. तिथल्याच कुमरानच्या चौथ्या गुहेत १९५२ मध्ये शमुवेलच्या पुस्तकाची फार जुनी प्रत सापडली, तिच्यात हन्ना मुलाला कायमचा नाजीर (नवस करून देवाला वाहिलेला माणूस) करीन असं उघड म्हणते, आपल्या नेहमीच्या पाठात तो शब्द नाही. त्यासाठी इस्राएलच्या पुरातत्त्व खात्याची लिऑन लेव्ही डिजिटल लायब्ररी बघा, तिथे तुकड्यांचे फोटो आहेत. मराठी पाठासाठी मी यूव्हर्जन ॲप वापरते, फोनवर एकीकडे ते आणि लॅपटॉपवर सेफारिया, असं बसलं की सोपं जातं.

आणि घाई असेल तर ही जागा तुमची नाही हेही खरं. नाव टाकलं आणि अर्थ आला असं इथे होत नाही. वचन माहीत असावं लागतं, निदान गोष्ट कुठल्या पुस्तकात आहे एवढं तरी. उद्या बारसं आहे आणि फ्रेम छापायचीय अशा माणसाला एक संध्याकाळ काढणं जमणार नाही. पण ज्याला जमेल त्याने काढावी.

मुंबईकरांसाठी एक गोष्ट, कारण हे नाव आपल्याकडे फार जुनं आहे. मशीद बंदरजवळ मांडवीत सॅम्युअल स्ट्रीट आहे, रोज हजारो लोक हमाली-हातगाड्यांच्या गर्दीतून जातात. तिथलं सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं सभास्थान, शआर हारहमीम, दयेचं द्वार, हे मुंबईतलं पहिलं, १७९६ मध्ये बांधलं शमुवेल यहेज्केल दिवेकर यांनी. ते कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातले, ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात अधिकारी, मराठी लोकांत त्यांचं नाव समाजी हसाजी दिवेकर. शमुवेलचं समाजी आणि यहेज्केलचं हसाजी, कोकणी मातीत हिब्रू नावांना असा 'जी' लागत गेला. टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते, तिथून जिवंत सुटले आणि त्याच्या कृतज्ञतेपोटी सिनेगॉग बांधलं असं परंपरा सांगते. मागितलं, मिळालं आणि देवाला दिलं, या माणसाने नावाप्रमाणे केलं असंच मला म्हणावंसं वाटतं. वहिनीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली मग घरात हाक मारायला समाजीच म्हणू या, आणि आता आजी सोडून सगळे त्याला समाजीच म्हणतात.

फ्रेमचं काय केलं असं विचाराल तर विकणाऱ्याला मेसेज करून नवीन मजकूर दिला, त्याने पैसे पुन्हा घेतले पण छापून दिली. आता त्यावर नुसतं विसावं वचन आहे, मराठीत, आणि खाली संदर्भ. अर्थ वेगळा छापलाच नाही, वचनात आईच सांगतेय तर आपण वेगळं कशाला सांगायचं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा मराठी इंटरफेस येईल त्या दिवसासाठी ठेवलाय. पहिल्यांदा उघडणार असाल तर शक्यतो लॅपटॉपवर उघडा, दोन पॅनेल शेजारी दिसतात आणि शब्दावर क्लिक करणं सोपं जातं, फोनवर शब्द दाबून धरावा लागतो. सेटिंगमध्ये हिब्रूचे स्वरचिन्हं चालू ठेवा, नाहीतर शाउल आणि शेओल (म्हणजे अधोलोक) एकसारखेच दिसतात, अक्षरं तीच आहेत. प्रवासात वाचायचं असेल तर ॲपमध्ये पुस्तकं डाउनलोड करून ठेवता येतात, नेट लागत नाही. आणि सुरुवात शमुवेलपासून नको असेल तर मोशेपासून करा, निर्गम दोन, दहावं वचन, तिथे नाव ठेवणारी फारोची मुलगी आहे आणि ती हिब्रूत कारण सांगतेय, यावर भाष्यकारांनी जे लिहिलंय ते वाचायला एक रविवार दुपार लागते.